गाडी बंद कशी करता?

कात्रजच्या जुन्या बोगद्यातून गाडी बाहेर पडली आणि आगाशे काकांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

मला आधी वाटलं, बंद पडलं. मी काकांच्या शेजारच्या सीटवर होते. मागच्या नावापुरत्या सीटवर माझा क्लायंट निखिल गजभिये पाय आखडून बसला होता. समोर शिंदेवाडीपर्यंत नुसता उतार आणि वळणं.

"काका, काय झालं?"

"काही नाही. न्यूट्रलला टाकली. आता खालपर्यंत थेंबभर पेट्रोल जळायचं नाही." काका खुशीत होते. "घाट चढताना तिने प्यायलं ना, ते उतरताना वसूल करायचं. पहिल्यापासून माझी हीच पद्धत."

"अहो, चालू करा आधी!"

"घाबरता काय बाई? तुम्ही तर एक्स्पर्ट ना?"

एक्स्पर्ट आहे म्हणूनच घाबरत होते. मी सेकंड हँड गाड्या तपासते. आधी एका वर्कशॉपमध्ये सर्व्हिस इंजिनिअर होते, आता स्वतंत्र काम करते. गाडी घेण्याआधी लोक मला बोलावतात. मी खाली झोपून, वर वाकून, चालवून बघते आणि घ्या किंवा घेऊ नका एवढं सांगते. स्वभाव पहिल्यापासून काळजीखोर. घरात सगळे वैतागतात त्याला, धंद्यात मात्र तोच उपयोगी पडतो.

निखिलचं काम आलं तेव्हा मला ते नेहमीचंच वाटलं. मूळचा नागपूरचा, इथे आयटीत, मांजरीच्या नव्या सोसायटीत फ्लॅट. दोन गाड्या हेरून ठेवलेल्या. एक अलीकडची स्पोर्ट्‌स कार, बाणेरच्या डीलरकडे. दुसरी जुनी, टर्बोवाली, परदेशातून आणलेली, सदाशिव पेठेतल्या आगाशे काकांची. कुठली घेऊ?

नवी आम्ही आदल्या दिवशीच पाहिली होती. नाव ठेवायला जागा नाही. अपघात नाही, गळती नाही, गिअरबॉक्स लोण्यासारखा. ऑटोमॅटिक, म्हणजे क्लच नाहीच. "घेऊन टाका," मी तिथेच म्हटलं.

निखिलने गाडीभोवती एक चक्कर मारली. चेहरा पडलेला. "गाडी चांगलीच आहे मॅडम. पण मला क्लच पाहिजे."

"कशाला? पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये डाव्या पायाचे हाल करून घ्यायची हौस आहे का?"

बोलून गेले, आणि मग त्याने सांगितलं. पायांच्या नसांचा आजार आहे, घराण्यातला. वडिलांना होता. हळूहळू पाऊल उचलणं जमेनासं होतं. त्याचा डावा पाय सुरू झाला होता. उजवा ठीक होता. गाडी चालवायला हरकत नाही असं डॉक्टरांनी लिहून दिलं होतं. पण डावा क्लच किती दिवस दाबेल ते कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

"ऑटोमॅटिक तर मॅडम, पुढे मी जन्मभर चालवणारच आहे," तो म्हणाला. "गिअर टाकायची गाडी आत्ताच होऊ शकते. त्या जुनीत गिअर आहेत."

माझी जीभ चावली मी. आणि तेव्हापासून माझी झोप उडाली. जुनी टर्बो म्हणजे आधीच धाकधूक. तिचा एखादा पार्ट गेला तर तो परदेशातून येईपर्यंत गाडी महिनोन्‌महिने गॅरेजात. इतर कोणी तेवढी कळ काढेल. याने कुठून काढायची? गाडी दुरुस्त होऊन येईल आणि पाय गेलेला असेल.

म्हणून सकाळी सदाशिव पेठेत काकांची गाडी बघताना मी नेहमीपेक्षा जास्त खोदत होते. काही सापडेना. काका रिटायर्ड, शिस्तीचे. गाडीवर कापडी कव्हर, त्याच्या आत आणखी एक कव्हर. सीटवर सुरकुती नाही. ऑइल अगदी काठोकाठ. खटकली एकच गोष्ट, डिकीत इंजिन ऑइलचा अर्धा रिकामा डबा.

"हा कशाला?"

"प्रवासात जवळ असावा," काका म्हणाले. "जुनी आहे, पिते थोडं."

थोडं म्हणजे किती, हे विचारायचं मी मनात ठेवलं. म्हटलं, घाट चढवून बघू. इंजिनाचं दुखणं चढावर कळतं. आणि काकांची अट अशी, की गाडी दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही. तेच चालवणार. तशी ती गाडी चढली मात्र झकास. टर्बो लागला की पाठ सीटला चिकटायची. मागून निखिल लहान मुलासारखा "वाऽऽ!" म्हणाला. मग बोगदा आला, आणि काकांनी चावी फिरवली.

इंजिन बंद झालं की ब्रेक जात नाही, पण त्याला जोर देणारा बूस्टर उपाशी राहतो. तो इंजिनाच्या ओढीवर चालतो. साठलेल्या ओढीवर दोन-तीनदा ब्रेक नीट लागतो, नंतर पेडल दगड होतं. काकांनी पहिल्या वळणावर ब्रेक दाबला, दुसऱ्यावर दाबला. स्टिअरिंगही जड झालेलं. तिसऱ्या वळणापलीकडे दुधाचे रिकामे क्रेट घेऊन एक टेम्पो रांगत चालला होता.

"आज जरा कडक लागतोय," काका म्हणाले आणि पेडल भराभर हाणू लागले.

"पंप करू नका! दाबून धरा, पूर्ण ताकदीने!"

गाडीचा वेग कमी झाला, पण पुरेसा नाही. टेम्पोच्या मागे दृष्ट लागू नये म्हणून लटकवलेली काळी चप्पल मला स्वच्छ दिसायला लागली. मी हात घालून चावी ऑन केली.

"तिसरा टाका. काका, तिसरा! टाका म्हणते ना! आता क्लच सोडा."

काकांनी सोडला. गाडीने गचका खाल्ला, इंजिन धडधडून सुरू झालं आणि त्याने चाकांना मागे ओढून धरलं. ब्रेकमध्येही जीव आला. चपलेपासून हातभर अंतरावर आम्ही टेम्पोच्या वेगाला आलो.

मग मागून निखिल हळूच म्हणाला, "मॅडम, पाठीमागे बघा."

वळणावर निळा धूर पसरला होता. डास मारायला सोसायटीत करतात ना, तेवढा.

"सुरू करताना येतो तो," काका म्हणाले. "जातो नंतर."

"कधीपासून येतो?"

"झाले काही महिने."

खाली गाडी बाजूला घ्यायला लावून मी काकांच्या हातून चावी काढून घेतली. चक्क काढूनच घेतली. परत मी चालवत आणली. काकांनी अख्ख्या रस्त्यात आपली गाडी दुसऱ्याच्या हातात आहे याबद्दल चकार शब्द काढला नाही.

पेठेत आल्यावर इंजिन गार होऊ दिलं, मग टर्बोचा पाइप सोडवला. टर्बो म्हणजे एका दांड्यावरचे दोन पंखे. इंजिनाच्या गरम धुराने एक फिरतो, दुसरा आत जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, म्हणून जोर जास्त. हा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो, आणि घाट चढून आला की धुराकडचा पंखा लालबुंद असतो. त्याच क्षणी इंजिन बंद केलं तर ऑइल वाहायचं थांबतं आणि जागच्या जागी करपतं, गॅसवर विसरलेल्या तव्यासारखं. असं वर्षानुवर्षं केलं की दांड्याची बैठक झिजते आणि ऑइल धुरात जातं. म्हणून अशा गाडीला थांबल्यावर थोडा वेळ नुसतं चालू ठेवायचं असतं. बस, एवढंच.

मी बोटांनी दांडा हलवला. तो हलायला नको होता. चांगला खुळखुळत होता.

"टर्बो गेलाय, काका."

"कशाने? मी हिला कधी पावसात काढली नाही. कधी रेटली नाही. सिग्नललासुद्धा बंद करतो मी. तशी पाटीच लावतात चौकात."

"पाटी बरोबर आहे. पण घाट चढून तापलेल्या जुन्या टर्बोला ती लागू नाही."

"म्हणजे पेट्रोल वाचवलं, ही माझी चूक?"

"हो."

सदाशिव पेठेत असं तोंडावर 'हो' ऐकायची सवय कमी. काका फणकारले. "तुम्हाला भाव पाडायचाय, सरळ सांगा ना!"

मी वाद घातला नाही. पाइप परत जोडला, इंजिन सुरू केलं, जरा वेळ चालू ठेवून एकदम ॲक्सिलरेटर दिला आणि काकांना मागे जाऊन उभं राहायला सांगितलं. बोळ निळा झाला. समोरच्या क्लासमधून सुटलेली पोरं खोकत, शिव्या घालत पांगली. वरच्या गॅलरीतून एक बाई ओरडल्या, "आगाशे, आग लागलीय का?"

काका त्या धुरात उभेच राहिले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मी तर जपली हो हिला."

मला फार वाईट वाटलं. खरंच जपली होती त्यांनी. दोन-दोन कव्हरं घातली होती.

आता उत्तर सोपं होतं. मी निखिलला बाजूला घेतलं, रांगेत लावलेल्या स्कूटरींच्या मागे. "नवी घ्या. जुनीचा टर्बो दुरुस्त होईल, भोसरीत माझा माणूस आहे. पण आतला भाग बाहेरून मागवावा लागेल. कधी येईल याची खात्री मी देणार नाही."

"तुम्ही माझ्या जागी असता तर?"

"मी जन्मात स्पोर्ट्‌स कार घेणार नाही. मला पीएमटीची बस बरी."

तो हसला. मला हसू आलं नाही. "निखिल, तुमच्याकडे थांबायला वेळ नाही हे तुम्हीच सांगितलंत ना?"

"हो मॅडम. पण चढावर पाठ सीटला लागली ना, तेव्हा पायाचं काही आठवलंच नाही मला. नवीत बसलो होतो तेव्हा सारखं आठवत होतं." त्याने डावं पाऊल जरा उचललं, खाली ठेवलं. "जुनीच घेतो. तुम्ही पार्ट मागवा."

मी माझं मत लिहून दिलं: घेऊ नका. त्याने ते वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि काकांकडे गेला. काकांनी दुरुस्ती आपल्या अंगावर घेतली. कोणी सांगितलं नव्हतं.

पुढचे आठवडे माझी नुसती घालमेल. भोसरीवाला म्हणायचा, पार्ट निघालाय. मग म्हणायचा, कस्टममध्ये अडकलाय. निखिलचा फोन आला की मी आधी विचारायचे, पाय कसा आहे? तो म्हणायचा, आहे. एकदा म्हणाला, जिना उतरताना चप्पल निसटली, कळलंच नाही. त्या रात्री मी जेवले नाही. नवरा म्हणाला, अगं, गाडी त्याची, पाय त्याचा, तू का उपाशी? मलाही ते कळत होतं. पण घास उतरत नव्हता, त्याला काय करू? आगाशे काकाही फोन करायचे, "आला का हो तो पार्ट?" आवाजात अपराधीपणा.

शेवटी आला. गाडी जोडून झाली. पहिल्या फेरीला मी निखिलच्या शेजारी बसले. माझं काम डायल बघायचं. मी सगळा वेळ त्याचा डावा पाय बघत होते. कात्रजच्या सिग्नलला एकदा थरथरला. मग घाट लागला, दुसरा गिअर, तिसरा, परत दुसरा, आणि पायाने एकदाही दगा दिला नाही. बोगद्यापलीकडे उतारावर मी नकळत दार घट्ट पकडलं. निखिल म्हणाला, "चालू ठेवलीय मॅडम."

थांबल्यावर तो चावीकडे हात न नेता बसून राहिला. मी तेवढंच शिकवलं होतं.

पुढच्या वर्षी त्याचाच फोन आला. गाडी विकायची आहे, तुम्ही तपासून द्याल का? मांजरीला गेले. तो दारात काठी घेऊन उभा होता. पार्किंगमध्ये शेजारीच एक ऑटोमॅटिक, साधी, पांढरी.

मी टर्बोचा पाइप सोडवला, दांडा हलवून बघितला. हलला नाही. आत काजळीचा कण नाही.

आता मी प्रत्येक विकणाऱ्याला आधी एकच प्रश्न विचारते. गाडी कशी चालवता, याचं उत्तर सगळे खोटं देतात. बंद कशी करता, याचं मात्र खरं देतात. त्यात काही लपवायचं असतं हे त्यांना माहीतच नसतं. सवयीने निखिललाही विचारलं.

"बंद कशी करत होता?"

"उशिरा," तो म्हणाला. "उतरावंसंच वाटायचं नाही, मॅडम."

मी कागदावर लिहून दिलं: घ्या.