ढोलकीला माझा हात

"तू रहेवा दे. तारे खाली वगाडवानुं."

जेलमधलं सभागृह. पाहुणे यायला तासभर होता. कुंकवाचं ताट फिरत होतं. भजनमंडळातला एकेक कैदी पेटीला, टाळांना, ढोलकीला कुंकू लावत होता. माझी पाळी आली. बोट बुडवलं आणि शेठने ताट ओढून घेतलं. मी फक्त वाजवायचं, पूजा करायची नाही.

शेठ म्हणजे मंडळाचा पुढारी. दारू पिऊन माणूस गाडीखाली मारलेला. सजा त्यालाही, मलाही. पण पेटी-ढोलकी त्याच्या घरून आलेली, म्हणून देवही त्याचाच.

चूक माझीच. बराकीत नवा होतो तेव्हा त्याने विचारलं, बाप काय करायचा? मी फुशारकीने सांगितलं, खानदेशात हलगी वाजवायचा. लग्नात, मयतीत. त्यातून त्याला माझी जात कळली. माझा पेला वेगळा का ठेवतात, हे मला आज कळलं.

खोटं कशाला बोलू, ढोलकीने मला जगवलं. सुरतेत कापडाच्या लूमवर मारामारी झाली, सात वर्षांची सजा लागली. दुपारी वाजवलं की डोकं शांत व्हायचं. मंडळातल्यांना संडास धुवायला लागत नसे. शिवाय सुरतेतच, लिंबायतच्या खोलीवर आई अंथरुणाला खिळलेली. माझ्या रजेचा अर्ज जेलर साहेबांच्या टेबलावर. ते म्हणाले होते, "कार्यक्रम चांगला कर, मग बघू."

बोटावर कुंकू तसंच. बाप आठवला. पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर बसून राहायचा. मला त्याचा संताप यायचा. गाव सोडलं ते त्यासाठीच. आणि इथे मीही तेच करत होतो, वर खूशही होतो. स्वतःची किळस आली.

ढोलकी उचलून शेठच्या पुढ्यात ठेवली. "जो पूजा करेगा, वो बजाएगा."

धुळ्याकडचा एक म्हातारा कैदी कानाशी आला. "वाजाडी टाक ना भाऊ, एक तासनी बात शे. माय वाट दखी ऱ्हायनी."

खरं होतं त्याचं. तरी मागे जाऊन बसलो. भजन ढोलकीशिवाय झालं. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवसापासून संडास. अर्ज तसाच पडून आहे. आईला काय कळवू, सुचत नाही. दमलोय, फार दमलोय. शेठने दोनदा बोलावणं पाठवलं. दोन्ही वेळा एकच सांगितलं, आधी ताट माझ्यापुढे ठेव. नाही ठेवलंस, तर उरलेली चार वर्षं संडास धुवीन. ढोलकीला हात लावणार नाही.