हात सैल सोड गं

“हात सैल सोड गं बाय. माझ्याशी भांडू नको.”

हे ती प्रत्येकीला म्हणायची. नवरी असो, नवरीची सासू असो, नाहीतर धरणावर फिरायला आलेली मुंबईची पाहुणी असो. तुम्ही कधी कासारणीपुढे हात धरला असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, काचेची बांगडी जवळ आली की हात आपोआप ताठ होतो. मग ती अंगठ्याच्या बुडाशी दाबत काहीतरी भलतंच विचारायची. “सासू बोलते का अजून?” आपण उत्तराला तोंड उघडावं, तोवर बांगडी मनगटात जाऊन बसलेली.

तिचं नाव मला ती गेल्यावर कळलं, आणि आता इथे सांगून काय करायचंय? आम्हा पळसदरीच्या बायकांची ती कासारीणकाकी. घर खालापूरच्या बाजूला, पण पाय घरात कमीच. काखोटीला बोचकं, त्यात दोरीत ओवलेल्या बांगड्या, आणि गालात बडीशेप. आल्या आल्या चहा मागायची, आणि साखर कमी पडली तर तसं सांगायची. भीड म्हणून नाही.

एक गोष्ट मात्र वेगळी. बाहेर रस्त्यावर कुणी पुरुष खोकला की तिचा हात थांबायचा. बांगडी अर्ध्या पंजावर, आपली बोटं चेंगरलेली, आणि ही मान वळवून ऐकतेय. मग “नाय” असं स्वतःशीच म्हणून बांगडी पुढे सरकवायची. नव्या सुना तोंडाला पदर लावून हसायच्या. आम्ही हसत नव्हतो. आम्हाला कारण ठाऊक होतं.

पूर्वी आमच्याकडे बांगड्या भरायला तिचा नवरा यायचा. पुरुषमाणूस, बायकांच्या घोळक्यात शिरणार, म्हणून अंगणाबाहेरच थांबून आधी दोनदा खोकायचा. आम्ही पदर सारखे करायचो आणि हाक द्यायचो, “या हो कासारभाऊ!” सज्जन माणूस. हात धरायचा तोही नजर खाली ठेवून.

तर हा माणूस एका लग्नसराईत कोंडाण्याला गेला. नवरीचा चुडा भरला, पंगतीत जेवला, मानाचा नारळ बोचक्यात टाकला आणि कर्जतच्या वाटेला लागला. इथवर पाहणारी माणसं आहेत. त्याच्यापुढे पाहणारं कुणी नाही. बोचकं सापडलं नाही, चप्पल सापडली नाही, काचेचा तुकडासुद्धा नाही. कोंडाण्याची पोरं, वाडीवरची माणसं, पोलीस, सगळ्यांनी रान पालथं घातलं. मग अफवा सुरू झाल्या. कुणी म्हणालं दरीत गेला, कुणी म्हणालं साधू झाला, कुणी म्हणालं दुसरा संसार थाटला. एकाने तर त्याला नाशकात चहा पिताना पाहिलं होतं. आपल्याकडे हरवलेला माणूस कुणाला ना कुणाला नाशकात दिसतोच.

तेव्हा तिचा मुलगा शाळेत होता. दिराने सांगितलं, घरी बस, आम्ही बघतो. ती बसली नाही. नवीन माल भरून तिने स्वतःच बोचकं उचललं आणि नवऱ्याच्याच वाटेने निघाली. कर्जत, कोंडाणे, पळसदरी, मधल्या वाड्या. मी तिला एकदा म्हटलं, “काकी, खालापूरच्या बाजारात बसून विक की. पाय तरी वाचतील.”

“बाजारात बाय भाव करते गं,” ती म्हणाली. “घरात हात हातात देते. हात हातात असला का बाय खोटं बोलत नाय.”

आणि मग बांगडी सरकवता सरकवता प्रत्येकीला हळूच विचारायची, “गावात नवा माणूस आलाय का गं कोन? एकटा?” वर्षानुवर्षं. रडत नाही, विनवत नाही. भाजीचा भाव विचारावा तसं.

माझ्या पुतणीच्या लग्नातली गोष्ट सांगते. चुडा भरायला काकी आली होती. हिरव्यागार बांगड्या मांडून झाल्या, पोरीने हात पुढे केला, एवढ्यात नवऱ्याकडची एक आत्या फणकारली, “हिच्या कुंकवाचं काय खरं ते हिलाच ठाव नाय. शुभाच्या कामाला हिचा हात नको.”

घरात सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. माझी जीभ वळवळत होती, पण पडलो मुलीकडचे. काकी मात्र शांतपणे उठली. “खरं हाय बाय,” ती त्या आत्याला म्हणाली. “मलाच ठाव नाय.” आणि बाहेर जाऊन पायरीवर बसली. तिथून मला म्हणाली, “तू चुलती ना? तू भर. मी हितनं सांगते.”

मी म्हटलं, अगं बाई, मला कुठलं येतंय! पण बसले. पहिलीच बांगडी कडकन गेली आणि मी ओरडले, “फुटली!”

“वाढवली म्हण गं!” पायरीवरून आवाज आला. “शुभाच्या दिवशी तोंडात काय आनतेस?”

दुसरी वाढवली. तिसरीही. पोरीच्या हाताला चरा पडला. दर काचेगणिक त्या आत्याचा चेहरा उतरत चालला. चुड्याची काच वाढवणं म्हणजे केवढा अपशकुन, तिच्याच भाच्याच्या आयुष्याशी खेळ! शेवटी तीच किंचाळली, “अगं बोलवा तिला आत, नायतर सगळा चुडा वाढवेल ही भवानी!”

काकी आत आली. तिने पोरीचा हात धरलाच नाही, माझा धरला. “हात सैल सोड गं. पोरीचा नाय, तुझा हात ताठ झालाय.” माझ्या पंजावर पंजा ठेवून तिने अख्खा चुडा माझ्याकडून भरून घेतला. एकही गेली नाही. मग पोरीबरोबर त्या आत्यानेही तिला वाकून नमस्कार केला. बांगड्या भरणाऱ्या बाईला नमस्कार करायची रीतच आहे, पण त्या दिवशी आत्या जरा जास्तच वाकली. काकीने तिलाही जवळ बसवून बांगड्या भरल्या आणि वर एक जास्तीची घातली. मी असते तर बोटं मोडली असती तिची.

पुढे काकीचा नवरा हरवल्याला बारा वर्षं उलटल्यावर भाऊबंद बसले. इतकी वर्षं माणूस आला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा आणि घर मोकळं करायचं, अशी चाल आहे. दिराने भटजीही ठरवला. काकीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पानांचा मानूस जाळनार, आणि बांगड्या माझ्या खऱ्या फोडनार? आमी कासार हाय. आमी भरतो, फोडत नाय.” भटजी चहा पिऊन परत गेला.

तिच्या मुलाला हे पटलं नव्हतं. तो एव्हाना खोपोलीकडे एका कारखान्यात लागला होता. घरात भिंतीवर बापाचा फोटो होता. काकी गणपतीत तो पुसायची, पण हार घालू द्यायची नाही. पितरांच्या पंधरवड्यात सगळ्यांची पानं वाढली जायची, बापाचं नाही. पोरगा एकदा माझ्यासमोरच तिच्यावर उखडला. “मेला म्हनून रडू देत नाय, पळाला म्हनून शिव्या देऊ देत नाय. मी करू तरी काय, आये?” तिने त्याच्या पानात अजून एक भाकरी वाढली. पोराने ती खाल्ली, रागारागाने.

मग माझ्यावरच वेळ आली. माझे यजमान दुपारी जेवून ओट्यावर आडवे झाले ते उठलेच नाहीत. बायकांनी माझे हात धरून दगडावर आपटले. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. दिवसकार्य झाल्यावर काकी आली. बोचकं दाराबाहेर ठेवलं, माझ्याजवळ बसली, माझं रिकामं मनगट हातात घेतलं आणि म्हणाली, “तुझं बरं हाय गं. तुझं ठरलं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात हिसडून घेतला. म्हटलं, “काकी, ऊठ. आत्ताच्या आत्ता ऊठ माझ्या घरातून.” ती उठली नाही. चुलीकडे गेली, चहा टाकला, मला दिला, स्वतः घेतला. गेली ती संध्याकाळच्या टमटमने.

ती काय म्हणाली ते मला कळायला पुढचा उन्हाळा यावा लागला. माझ्याच घरी बसलेली असताना तिला पोलिसांचा फोन आला. घाटाखाली एक बेवारस प्रेत सापडलं होतं, वयाने तेवढंच, ओळख पटवायला या. मुलगा कामावर होता. “येतेस का गं?” तिने विचारलं. इतक्या वर्षांत चहा सोडून पहिल्यांदाच तिने माझ्याकडे काही मागितलं असेल. आम्ही निघालो. टमटममध्ये तिने बडीशेप खाल्ली नाही. वाटेत मी मनात देवाला सांगत होते, आणि काय सांगावं तेच कळत नव्हतं. तो असू दे, की नसू दे?

सरकारी दवाखान्यामागची खोली. पोलिसाने चादर वर करायला घेतली तर ती म्हणाली, “तोंड ऱ्हाऊ दे. हात दाव.” काच सरकवून सरकवून कासाराच्या अंगठ्यांना जन्मभराचे घट्टे पडतात. तिने त्या परक्या माणसाचा हात उचलला, अंगठा उघडून पाहिला, पुसला, परत जागेवर ठेवला.

“माझा नाय.”

बाहेर येऊन ती झाडाखाली बसली आणि मग रडली. मी तिला रडताना तेव्हाच पाहिलं. “बघ की गं,” ती म्हणाली, “कुनाची तरी बाय वाट बघत असंल याची. आन मी म्हनते, बरं झालं, माझा नाय. आन लगेच वाटतं, असता तर बरं झालं असतं. रोज असंच. सकाळी येक, सांजला दुसरं.”

मी तिचा हात धरला. माझं ठरलं होतं. माझा माणूस माझ्यासमोर गेला, त्याच्यावर मी पोटभर रडले, त्याचं वर्षश्राद्धही घातलं. या बाईने मात्र इतकी वर्षं एकाच माणसाला रोज जिवंत ठेवलं होतं आणि रोज सरणावर चढवलं होतं, आणि वर आम्हाला हसत हसत बांगड्या भरल्या होत्या. एवढं बळ बाईच्या अंगात येतं कुठून? देवळात जाऊन मला कधी इतकं लहान वाटलेलं नाही.

यंदा भातं पिवळी पडायला लागली तेव्हा तिच्या मुलाचा फोन आला, “मावशी, आई गेली.” दोन दिवस तापाने दवाखान्यात होती. मी पोहोचले तर घरात वाद पेटलेला. सलाईन लावताना नर्सने तिच्या बांगड्या काढून पिशवीत घातल्या होत्या, त्यामुळे हात मोकळे. म्हाताऱ्या म्हणत होत्या, सवाष्ण म्हणून हिरवं लुगडं नेसवा, चुडा भरा. दुसऱ्या म्हणत होत्या, इतक्या वर्षांनी कसली सवाष्ण? एका म्हातारीने मुलालाच गाठलं. “तुझा बाप हाय का नाय? सांग, तसं करू.”

तो दाराला टेकून उभा होता. त्याने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग म्हणाला, “मला ठाव नाय. आईलाबी ठाव नव्हतं. पन तिनं बांगड्या फोडल्या नाय.”

मी बोचकं ओढून घेतलं. कुणीतरी कुजबुजलं, रांडाव बाई चुडा भरतेय. भरतेय तर भरतेय! मी साबणाचं पाणी मागितलं. तिच्या मापाच्या हिरव्या बांगड्या निवडल्या. हात गार होता आणि ताठ होता, जन्मात कधी नव्हता एवढा. मी अंगठ्याच्या बुडाशी दाबत राहिले, चोळत राहिले. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “हात सैल सोड गं, काकी. माझ्याशी भांडू नको.”

एकही वाढवली नाही. डाव्या हातात एक जास्तीची घातली. भरून झाल्यावर तिने मला नमस्कार करायचा, अशी रीत. ते तिला कुठून जमणार? म्हणून मीच तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

तेराव्यानंतर गेले. भिंतीवर आता दोन फोटो होते. तिच्या फोटोला झेंडूचा हार. शेजारी बापाचा, नुसता पुसलेला. सुनेने चहा आणला. मुलगा सांगत होता, बांगड्यांचं बोचकं कुणाला द्यायचं ते अजून ठरत नाही, आणि सांगता सांगता बाहेर रस्त्यावर कुणीतरी खोकलं.

तो थांबला. बशी ओठांपाशी तशीच. मान वळवून ऐकत राहिला.

मग “नाय” असं स्वतःशीच म्हणाला आणि चहा प्यायला.