वाळ्याची जागा

सन १९७४, पौष महिना. सकाळी फावड्याचा दांडा हातात धरवत नव्हता, एवढी थंडी. किस्से आमच्या फाउंड्रीत जळक्या वाळूसारखे साठतात. रोज पाट्या भरून बाहेर टाकल्या तरी ढीग वाढतच जातो. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. पण वीस वर्षं साचे घातले आणि माझा एक साचा फुटला नाही. जे पाहिलं तेवढंच सांगतो.

त्या पौषात नदीच्या वाळूच्या ट्रकातून एक पिल्लू आलं. वाळू ओतली आणि ते ढिगातून शिंकत बाहेर निघालं. नाव पडलं वाळ्या.

आमच्याकडे शेडची जमीन म्हणजे वाळूच. तिच्यातच साचे, आणि साच्यात वितळलेलं लोखंड. वाळूत ओल बेतानंच लागते. जास्त झाली की वाफ होते आणि लोखंड उसळून ओतणाऱ्याच्या तोंडावर येतं.

पिल्लानं पहिल्या दिवशी पाच वेळा ओलं केलं. पाचही वेळा साच्यात!

भट्टीवाले हुसेनभाई म्हणाले, "चाळल्याबिगर वाळू चालत न्हाय त्याला. राजघराण्यातलं दिसतंय!"

मालक हसले नाहीत. "आठ दिस देतो. शिकलं तर ऱ्हाईल. न्हायतर मलकापूरच्या ट्रकात घालून घाटात सोडायचं."

* * *

साच्यात बसवायचे वाळूचे गाभे शेवंताबाई करायच्या. त्या पुढं झाल्या. "मी चार पोरं शिकवली. ह्ये तर एकच हाय. मारायचं न्हाय. झोपंतनं उठलं की उचलायचं, खाल्लं की उचलायचं, भाईर न्यायचं."

पिल्लानं भिजवलेली वाळू त्यांनी पाटीत भरली आणि शेडमागच्या जळक्या ढिगावर नेऊन टाकली. "सोताचा वास सोताला कळतोय की!"

मी म्हणालो, "कुत्र्याला वाळूवाळूतला फरक कळत न्हाय."

"मिस्त्री, तुमाला तरी जन्मताच कळत हुता व्हय?"

मी वाळू चाळायला लागलो.

* * *

सहाव्या दिवशी ओतकाम होतं. ठिणग्या उडत होत्या. वाळ्या कोपऱ्यातल्या पोत्यावर झोपलेला. तो उठला, इकडंतिकडं पाहिलं. शेवंताबाईंचे हात कामात होते. मग एकटाच भिंतीच्या कडेकडेनं, एकाही साच्यावर पाय न देता, दाराकडं निघाला.

हुसेनभाईंनी लोखंडानं भरलेली पळी जागीच थांबवली. "जावा पावणं, आधी तुमी!"

तो ढिगावर जाऊन आला आणि परत पोत्यावर निजला. एवढं शहाणपण एवढ्याशा जिवात कुठून आलं, मला आजही सांगता येणार नाही.

* * *

आठव्या दिवशी माझा साचा भिजलेला निघाला.

मालकांनी विचारलं, "कुत्र्यानं?"

मी होय म्हणून मान हलवली. त्याच दुपारी वाळ्या मलकापूरच्या ट्रकात गेला. शेवंताबाई माझ्याशी चार दिवस बोलल्या नाहीत.

पाचव्या दिवशी ट्रक परत आला. ड्रायव्हर खाली उतरला, काखेत वाळ्या! "मालक, घाटात सोडायला मन हुईना. लागली की माझा पायजमा वढतोय. गाडी थांबवली की खाली, काम झालं की परत पायापाशी. शीटवर एक थेंब न्हाय! माझ्या क्लीनरपरास शहाणा हाय!"

मालकांनी त्याला ठेवून घेतला. मी माझ्या साच्याकडं वळलो.

* * *

पुढं एकदा जयसिंगपूरचं एक मोठं गिऱ्हाईक आलं. बोलता बोलता शेडच्या कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून उभं राहिलं. वाळ्यानं धोतराचा सोगा धरला आणि त्याला ओढत ओढत मागच्या ढिगापर्यंत नेलं.

गिऱ्हाईक ओरडतंय, "आरं धरा की ह्याला!"

शेवंताबाई म्हणाल्या, "घाबरू नगा. जागा दावतोय त्यो!"

* * *

१९७९, श्रावण. ऊस पिळायच्या चरकाचा मोठा लोखंडी रोळ ओतायचा होता. जमिनीत कमरेएवढा खड्डा घेऊन साचा मी घातला होता. वरचा भाग चढवला. पळी भरून हुसेनभाई अगदी काठावर उभे राहिले.

वाळ्या उठला. पाच वर्षांत त्यानं शेडमध्ये एक थेंब सांडला नव्हता. तो सरळ साच्यावर चढला, वास घेतला आणि तंगडी वर केली!

मी गज घेऊन धावलो. तो हलला नाही. माझ्याकडं बघत उभा राहिला. लोखंड दुसरीकडं ओतून टाकावं लागलं. शिव्या देतच मी साचा फोडायला घेतला. वरची वाळू काढली. हातभर खाली गेलो आणि फावडं चिखलात रुतलं. बाहेरच्या गटाराचं पाणी जमिनीखालून आत झिरपलं होतं. साच्याचा तळ सगळा ओला.

हुसेनभाई खाली बसले. त्यांनी हातानं तळाचा चिखल चाचपला.

मालक धावत आले. त्यांना एवढंच कळलं होतं की कुत्र्यानं साचा भिजवला. "पुन्ना तेच? आठव्या दिशी मिस्त्रीचा साचा भिजवला तवाच घाटात टाकायला पायजे हुता!"

सगळे माझ्याकडं बघत होते. शेवंताबाईही.

मी म्हणालो, "मालक, तवा त्यानं भिजवला नव्हता. पाण्याचा डबा माझ्या हातनं लवंडला हुता."

आणि फावडं उचललं.