टार्निटच्या ऑपरेटरकाकू

एखाद्या कंपनीने फोन होल्डवर टाकला की आपल्या कपाळाला आठ्या पडतात. काकूंचा चेहरा उलट खुलायचा. फोन स्पीकरवर ठेवून त्या मटारची पिशवी पुढे ओढायच्या आणि पलीकडे तीच ती धून वाजत असताना सावकाश शेंगा सोलत बसायच्या. मध्येच कुणीतरी यंत्रातून सांगायचं की तुमचा कॉल आमच्यासाठी फार महत्त्वाचा आहे. त्यावर काकू मान डोलवायच्या, जणू त्यांना मनापासून पटलंय. मटार संपले तर लसूण. लसूण संपला तर कोथिंबीर. आणि शेवटी पलीकडे खरा माणूस आला की हात पदराला पुसून, अजिबात घाई न करता म्हणायच्या, "गुड मॉर्निंग. युवर गुड नेम, प्लीज?"

त्या मूळच्या कोल्हापूरच्या. तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी उमेदीची सगळी वर्षं काढली, ट्रंककॉल जोडण्यात. म्हणून मेलबर्नच्या टोकाला, आमच्या टार्निटच्या गल्लीत त्यांचं नाव पडलं ऑपरेटरकाकू. त्यांची मुलगी अश्विनी आमच्या समोरच्या घरात राहायची. ती इथल्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिच्या बाळंतपणासाठी काकू तीन महिन्यांच्या बोलीवर आल्या आणि कोविड सुरू झाला. नंतर परतीची विमानं अधूनमधून सुटू लागली, पण तोवर अश्विनीला कोविड वॉर्डात ड्यूटी लागली होती आणि बाळ मांडीवरचं होतं. काकांनीच कोल्हापूरहून सांगितलं की तू तिथेच थांब, माझं मी बघतो. काकू थांबल्या. जावयाचं जुनं फुगीर जॅकेट साडीवर चढवून त्या सकाळी पोर्चमध्ये बाळाला ऊन देत बसायच्या.

माझी गोष्ट नेमकी उलटी होती. माझा नवरा मंदार त्याच्या वडिलांच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला आणि तिकडेच अडकला. आम्ही तात्पुरत्या व्हिसावर. ऑस्ट्रेलियाच्या सीमा बंद झाल्या त्या आमच्यासारख्यांना आधी बंद झाल्या. घरात मी आणि सात वर्षांची रेवा. माझं ऑफिस जेवणाच्या टेबलावर, तिची शाळा सोफ्यावर, आणि हीटर दिवसभर चालू.

त्यातच जूनमध्ये, इथल्या हिवाळ्याच्या तोंडावर, आमचा लाइट-गॅसचा स्वस्त प्लॅन संपला. ठरावीक मुदतीचा बांधलेला दर होता तो. मुदत संपल्यावर कंपनीने गुपचूप नेहमीचा महाग दर लावला. कळवलं होतं म्हणे, पण मंदारच्या मेलवर, आणि तो तेव्हा हॉस्पिटलच्या बाकड्यावर झोपत होता. बिल आल्यावर मी कंपनीला फोन लावला. त्यांनी विचारलं, खातं कुणाच्या नावावर आहे. मी सांगितलं, नवऱ्याच्या. मग त्यांनाच फोन करायला सांगा, म्हणाले. मंदारने पुण्याहून दोनदा प्रयत्न केला. ओळख पटवायला कंपनी त्याच्या इथल्या नंबरवर कोड पाठवायची, आणि ते सिम तिकडे बंद पडलेलं. शेवटी वैतागून तो म्हणाला, राहू दे, मी आल्यावर बघतो. तो कधी येणार हे त्यालाही माहीत नव्हतं आणि मलाही.

खरं सांगायचं तर फोन हे आमच्या घरात मंदारचं खातं होतं. स्वयंपाक दोघांचा, रेवा दोघांची, पण बँक, इन्शुरन्स, इंटरनेट, घराचा एजंट, जिथे कुठे परक्या माणसाशी फोनवर बोलायचं असेल तिथे तो. मला इंग्रजी येत नव्हतं असं नाही. ऑफिसात मी दिवसभर इंग्रजीच बोलायचे. पण फोनवरच्या अनोळखी आवाजाने नाही म्हटलं की माझे शब्दच संपायचे. त्या दिवशी तिसऱ्यांदा नकार ऐकून मी पुढच्या पायरीवर येऊन रडत बसले होते. समोरून काकूंनी पाहिलं. बाळाला आत देऊन त्या रस्ता ओलांडून आल्या, मास्क वर ओढून अंतर ठेवून उभ्या राहिल्या आणि विचारलं, "कुणाशी बोलत होतीस गं?"

मी म्हटलं, "लाइटच्या कंपनीशी."

"कंपनीशी कसं बोलता येईल? माणसाचं नाव काय होतं?"

मला ते माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं.

काकूंचं सगळं शास्त्र एवढंच होतं. पलीकडे माणूस आहे, हे त्या कधी विसरायच्या नाहीत. दर, युनिट, रोजचा ठरलेला आकार, यातलं त्यांना काही कळत नव्हतं आणि कळतं असा आवही त्यांनी कधी आणला नाही. पण नाव विचारायचं, ते नीट उच्चारायचं, त्याला बोलू द्यायचं आणि आपला आवाज चढू द्यायचा नाही, यावर त्यांचा भारी विश्वास. "ट्रंककॉलला लोक काय काय शिव्या घालायचे," त्या सांगायच्या. "आपण आवाज चढवला की संपलं. मग तो लाइन देतो ती फक्त आपल्याला गप्प करायला."

पुढे लॉकडाउन कडक झाला, कुणाच्या घरी जायची सोय उरली नाही. मग अश्विनीने त्यांना मोबाइलवर तिघांना एकत्र जोडायचं शिकवलं. त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. आमच्या खिडक्या समोरासमोर होत्या. मी माझ्या खिडकीत, त्या त्यांच्या खिडकीत, आणि तिसरा माणूस कुठल्यातरी कॉल सेंटरमध्ये, बहुधा तोही घरूनच काम करणारा. मी भराभर बोलायला लागले की काकू समोरून हाताने खूण करायच्या, हळू.

पहिला फोन आम्ही जुन्या कंपनीलाच लावला. पलीकडे ब्रायन नावाचा माणूस होता. त्याने नम्रपणे तेच सांगितलं, खातेदाराशिवाय कुणाशी बोलता येणार नाही. काकू वाद घालतील असं मला वाटलं. त्या त्याला आपल्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, बरोबर आहे ब्रायन, नियम तो नियम. मग थांबून त्यांनी विचारलं, "तुझी बहीण या जागी असती तर तिला तू काय सांगितलं असतंस?"

मग ब्रायन म्हणाला की या खात्याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. पण जो माणूस त्या घरात राहतो तो स्वतःच्या नावाने नवं खातं उघडू शकतो, आमच्याकडे किंवा दुसऱ्या कुठल्याही कंपनीकडे. जुनं खातं आपोआप बंद होतं. आणि आवाज जरा खाली आणून, मित्राला म्हणतात तसं म्हणाला, दोन-चार ठिकाणी विचारा, मेट.

इतकं सोपं होतं ते. आणि तरीही मी आठवडाभर काही केलं नाही. काकू रोज खिडकीतून हात करायच्या, मी कामात असल्याचं दाखवायचे. शेवटी एका सकाळी त्यांचा फोन आला. त्या हॅलो कधी म्हणायच्या नाहीत. नुसतं "बोल" म्हणायच्या आणि ऐकत राहायच्या. त्या गप्प बसण्यात असं काही होतं की माणूस खरं बोलून जायचा. मी सांगून टाकलं. या घरातल्या बिलावर मंदारचं नाव आहे तोवर तो या घरात आहे असं मला वाटतं. ते नाव मीच काढलं तर तो येणार नाही हे मी मान्य केल्यासारखं होईल.

काकूंनी समजूत घातली नाही. त्या म्हणाल्या, "माझाही नवरा तिकडेच आहे. गॅसचं पुस्तक माझ्या नावावर आहे, पण सिलिंडर संपला की नोंदवायला तेच उठतात, मी नाही. जो घरात आहे त्यानं घर चालवायचं. येईल तेव्हा त्याला गार घरात यायला लागू नये, एवढं बघ."

नव्या कंपनीला मी त्याच दुपारी फोन लावला. काकू लाइनवर होत्या. पलीकडच्या मुलीने खातेदाराचं नाव विचारलं आणि सवयीने माझ्या तोंडून मंदारचं नाव गेलं. समोरच्या खिडकीत काकू हलल्या नाहीत. त्यांनी खूणही केली नाही. मी म्हटलं, सॉरी, माझं नाव लिहा. मेघना. मग एकेक अक्षर सांगितलं. जन्मतारीख, पत्ता, जुन्या बिलावरचा मीटरचा नंबर. वर्षभराचा बांधलेला दर मिळाला. सगळं आटोपल्यावर ती मुलगी म्हणाली, नो वरीज, मेघना, वेलकम. तेव्हा माझ्या लक्षात आलं की एवढ्या वेळात काकूंनी चकार शब्द काढला नव्हता.

"तुम्ही काहीच बोलला नाहीत," मी नंतर म्हटलं.

"लाइन लागल्यावर ऑपरेटरनं मध्ये बोलायचं नसतं. नोकरी जायची आमची," त्या म्हणाल्या.

माझ्यानंतर गल्लीत रांगच लागली. सगळ्यांचे प्लॅन तेव्हाच संपत होते, कारण सगळ्यांनी घरं एकाच सुमारास घेतलेली. काकू मराठीत, इंग्रजीत आणि कोल्हापुरी हिंदीत सगळ्यांना जोडून द्यायच्या. सगळंच काही जमलं नाही. कोपऱ्यावरच्या हरप्रीतला त्यांनी असा प्लॅन घ्यायला लावला, ज्याचा दर रात्री अगदी स्वस्त आणि दिवसा चढा. हरप्रीतच्या घरात सहा माणसं दिवसभर घरीच. पुढचं बिल पाहून त्याची बायको चांगलीच भडकली. काकू लॉकडाउनमध्ये रोज फिरायला मिळणाऱ्या एका तासात त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "मेरी गलती हुई बेटा. मैंने सुना, लेकिन पूछा नहीं." पुढचा आठवडा त्यांनी तो प्लॅन बदलून देण्यात घालवला. हरप्रीतच्या बायकोने मग त्यांच्या पोर्चमध्ये सरसोंचं साग आणून ठेवलं. त्याच्या बदल्यात काकूंनी तांबडा रस्सा पाठवला. तो त्या घरात कुणाला झेपला नाही हे हरप्रीतने त्यांना शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

पुढच्या वर्षी भारतात दुसरी लाट आली आणि काकांना गाठलं. पुतण्याने त्यांना कसंबसं हॉस्पिटलात पोचवलं, पण तो स्वतः आजारी पडला आणि बातमीच मिळेना. काकांचा मोबाइल बंद. वॉर्डचा फोन कुणी उचलायचं नाही. तेव्हा मेलबर्नला जरा मोकळीक होती, म्हणून मी समोर गेले. अश्विनी ड्यूटीवर होती. काकू स्वयंपाकघरात फोन हातात घेऊन बसल्या होत्या. पुढ्यात सोलायला काहीही नव्हतं. एकदाचा फोन लागला. पलीकडून एक थकलेला बाईचा आवाज म्हणाला, आता नाही, नंतर करा. आणि काकू, ज्यांनी कधी कुणाला असं जाऊ दिलं नव्हतं, त्या "बरं" म्हणाल्या आणि त्यांनी फोन खाली ठेवला.

"मला नाही जमत गं," त्या म्हणाल्या. "ती काय सांगेल याचीच भीती वाटते."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. किती वेळ लावत होते आठवत नाही. ओट्यावरच्या किटलीत चहाचं पाणी गार होऊन गेलं. शेवटी तोच आवाज आला. मी म्हटलं, "सिस्टर, मी मेघना, ऑस्ट्रेलियाहून बोलतेय. तुमचं नाव काय?" ती म्हणाली, "सुरेखा." मी म्हटलं, "सुरेखाताई, तुम्ही दमला असाल, मला एकच गोष्ट विचारायची आहे," आणि काकांचं नाव आणि वय सांगितलं. तिने थांबा म्हटलं. आम्ही थांबलो. काकूंनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. परत येऊन सुरेखाताई म्हणाल्या की ऑक्सिजन चालू आहे, पण कालच्यापेक्षा बरे आहेत. सारखा मास्क काढतात आणि भात गिचका झाला म्हणून भांडतात.

मी ते काकूंना सांगितलं. त्या आधी हसल्या, आणि हसता हसता त्यांना जे रडू फुटलं ते बराच वेळ थांबलं नाही. मी शेजारी बसून राहिले. मग त्यांनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "नाव विचारलंस."

काका वाचले. पण फुप्फुसं कमजोर झाली, आणि काकूंनी मिळेल त्या पहिल्या विमानाने जायचं ठरवलं. त्या निघाल्या तेव्हा आम्ही पुन्हा लॉकडाउनमध्ये होतो. गाडी निघताना गल्लीतली सगळी आपापल्या ड्राइव्हवेत उभी होती, मास्क लावून. मिठी मारायची सोय नव्हती. काकूंनी जावयाचं जॅकेट काढून त्याच्या हातात दिलं, गार वाऱ्यात साडीचा पदर घट्ट गुंडाळून घेतला आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. रेवाने विचारलं, "आई, इज शी कमिंग बॅक?"

त्या हिवाळ्यात माझ्या प्लॅनचं वर्ष संपलं. मी एकटीने तीन कंपन्यांना फोन केले आणि चांगला दर मिळवला. हळूहळू लोक मला विचारायला येऊ लागले.

वर्षअखेरीला सीमा उघडल्या आणि मंदार आला. पहिले काही दिवस आम्ही एकमेकांकडे नुसते बघत होतो. रेवा त्याच्या पायाला चिकटूनच असायची. घर जरा ताळ्यावर आल्यावर एकदा जेवताना तो म्हणाला, "आता मी आलोय ना. लाइट, गॅस, सगळं परत माझ्या नावावर करून घेतो. तू फार केलंस." तो प्रेमाने म्हणत होता, त्यात शंका नाही. मी बघू म्हटलं.

रविवारी कोल्हापूरला फोन लावला. मागे काकांचा खोकला ऐकू येत होता, आणि कुकरच्या शिट्ट्या. "बोल," काकू म्हणाल्या. मी मंदारचं बोलणं त्यांना सांगितलं. त्याचं मन तर मोडायचं नाही, आणि द्यायचंही नाही, असं मला वाटतंय, हेही सांगितलं. त्यांनी कुकरची आणखी एक शिट्टी होऊ दिली.

मग म्हणाल्या, "त्याला पाण्याचं बिल दे."

दिलं. तो खूश आहे.