वडिलांनी सुधारलेले बारा शब्द

मी तुळजापूरच्या एका शाळेत गणित शिकवतो. मागं एकदा परदेशातल्या एका शिकवणीच्या वेबसाइटला मी मराठीतून गणितं तयार करून दिली होती. त्यांनी मोबदला बिटकॉइनमध्ये दिला. ते एका अ‍ॅपमध्ये तसेच पडून होते. मग एक दिवस ते अ‍ॅप ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणून बंद पडलं, आणि तीन दिवस उघडलंच नाही. त्या तीन दिवसांत मी नववीच्या वर्गाला एकच उदाहरण दोनदा सोडवून दाखवलं आणि दोन्ही वेळा वेगळं उत्तर आणलं.

चौथ्या दिवशी अ‍ॅप उघडलं तसा मी पुण्याला मेव्हण्याला फोन लावला. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे.

“दाजी, दुसऱ्याच्या कपाटात ठेवलं की असंच व्हायचं,” तो म्हणाला. “आपल्या लॅपटॉपवर स्वतःचं वॉलेट टाका. किल्ली तुमच्याच हातात राहील. पण हरवली तर दुसरी कुणी करून देणार नाही.”

रविवारी सकाळी लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर मांडला. वॉलेटचं नाव शोधल्यावर सगळ्यात वर जे आलं त्यावर मी बोट ठेवणार, तेवढ्यात बायको चहा घेऊन मागं उभी राहिली. ती पोस्टात काम करते.

“अहो, या पत्त्यात एक अक्षर जास्त आहे,” ती म्हणाली.

मी मेव्हण्यानं लिहून पाठवलेला पत्ता पाहिला. खरंच जास्त होतं. ती जाहिरात होती आणि आत हुबेहूब तसंच दिसणारं नकली दुकान होतं. “आमच्याकडं असं पाकीट आलं तर परत जातं,” एवढं बोलून ती पोळ्या लाटायला गेली.

खऱ्या साइटवरून फाइल उतरवली. पण मेव्हण्यानं बजावलं होतं, की लगेच उघडायची नाही. साइटवर त्या फाइलची चौसष्ट अक्षरांची खूण दिलेली असते, लॅपटॉप आपल्या फाइलची खूण काढून देतो आणि दोन्ही जुळल्या तरच फाइल खरी. हे ऐकून माझे वडील खुर्ची ओढून बसले. ते तेर गावच्या हायस्कुलातून इंग्रजीचे शिक्षक म्हणून निवृत्त झालेत आणि तपासायला काही मिळालं की त्यांना बरं वाटतं. मी एकेक अक्षर वाचत गेलो, ते लाल पेनानं टिक करत गेले. चाळिसाव्या अक्षराला ते थांबले.

“बी म्हणालास का डी?”

“बी.”

“नीट उच्चार कर. मग पुन्हा पहिल्यापासून घे.”

खूण जुळली. वॉलेट बसलं. त्यानं मला इंग्रजीतले बारा शब्द दिले. तीच किल्ली. फोटो काढायचा नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचे नाहीत, फक्त कागदावर लिहायचे. मी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागं घाईघाईत लिहून काढले. ते वॉलेट आता मोडीत निघालंय, म्हणून सांगायला हरकत नाही: त्यात गाढव होतं, कांदा होता, छत्री होती, काका होता. कागद कपाटात ठेवला आणि पहिल्यांदा अगदी थोडी रक्कम वॉलेटमध्ये पाठवली.

आठवड्यानं मेव्हण्याच्या सांगण्यावरून खरी परीक्षा घेतली. लॅपटॉपवरचं वॉलेट पुसून टाकायचं आणि कागदावरच्या शब्दांनी परत उभं करायचं. मी पुसलं, कागद आणला, बारा शब्द घातले. वॉलेट म्हणालं, शब्द चुकीचे आहेत. पुन्हा घातले. तेच. मग माझं अक्षराकडं लक्ष गेलं. ते माझं नव्हतंच. इतकं देखणं अक्षर आमच्या घरात एकाच माणसाचं आहे.

“व्हय, मीच लिहिलाय,” वडील पेपर खाली ठेवत म्हणाले. “तुझ्या यादीला काही क्रमच न्हवता. गाढवाच्या आधी छत्री. पोरांना असं देतात का? डिक्शनरीप्रमाणं लावून दिलंय.”

“आणि माझा कागद?”

“बंबात घातला. अक्षर बघवत न्हवतं.”

क्रम हीच खरी किल्ली होती. मी शब्दांना नंबरसुद्धा घातले नव्हते. वहीत हिशेब मांडला: बारा शब्द किती तऱ्हांनी लावता येतात. सत्तेचाळीस कोटी नव्वद लाख.

“मग बसा लावत,” बायको म्हणाली.

“मिनिटाला एक लावला तरी नऊशे वर्षं लागतील.”

वडिलांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “मला सांगायचं होतंस.” ते खरंच होतं. त्या कागदाबद्दल मी घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं.

मेव्हणा फोनवर इतका हसला, की बायकोनं त्याला रागावून फोन ठेवला. नंतर त्यानंच परत करून सांगितलं, की प्रोग्राम लावून क्रम शोधता येईल, पण आत आहे तेवढ्यासाठी कशाला, नवीन वॉलेट करा.

नवीन वॉलेटचे बारा शब्द वडिलांनी लिहिले. नंबर घालून, शाईनं, दोन प्रती. एक घरात राहिली, दुसरी बंद पाकिटातून बायकोनं स्वतः परंड्याला माहेरी नेऊन लॉकरमध्ये ठेवली. या वेळी पुसून परत उभं करायचं काम वडिलांनीच मागून घेतलं. एका बोटानं टाइप करत, प्रत्येक शब्द मोठ्यानं वाचत त्यांनी पाऊण तास लावला. या नव्या वॉलेटमध्ये आधी पाठवलेली थोडी रक्कम पडद्यावर परत दिसली तसा त्यांनी चष्मा काढून पुसला. मग उरलेलं सगळं मी त्यात आणलं.

पुढं एकदा ऑनलाइन मदतीच्या ग्रुपवर मी एक साधी शंका विचारली. मिनिटभरात कुणीतरी मदतनीस म्हणून इंग्रजीत मेसेज केला, की तपासणीसाठी बारा शब्द पाठवा. हा चोरच, हे मला कळलं आणि मी मेसेज वडिलांना दाखवला. त्यांनी फोन हातात घेतला, काळजीपूर्वक वाचला आणि त्या माणसाला त्याच्या इंग्रजीतल्या तीन चुका उदाहरणांसह लिहून पाठवल्या.

त्यानं लगेच आम्हाला ब्लॉक केलं. वडिलांना थोडं वाईट वाटलं. चौथी चूक सांगायची राहून गेली होती.