कुवेतदाजींचं ‘कवापासनं?’

जगातल्या कुठल्याही भांडणाचं कारण विचारा, कुवेतदाजी आधी एवढंच म्हणायचे, “कवापासनं धरायचं?” आणि दळणाच्या डब्यावर सरसावून बसायचे. शिवाजी पेठेत माझी पिठाची गिरण होती. दळण होईतोवर थांबलेली माणसं टीव्हीवरच्या लढाईबद्दल नाही बोलणार तर कशाबद्दल बोलणार, तुम्हीच सांगा.

त्यांचं गाव नेसरी, पण कुवेतहून परतल्यावर ते आमच्या पेठेतच राहायला आले. बायको माझ्या माहेरची, म्हणून मला ते दाजी. कुवेतला एका मोठ्या खानावळीत स्वयंपाकी होते. अरब मालक आणि गोरे साहेब, दोघंही त्यांच्याच हातचं जेवायचे. माणसं तिकडून अत्तर आणतात, सोनं आणतात. दाजींनी आणली ती बिनदुधाच्या चहाची सवय.

एकदा तालमीतले सर्जेराव म्हणाले, “दाजी, ह्या मुसलमान देशांचं आणि गोऱ्यांचं नेमकं बिनसलंय कशावरनं?”

“कवापासनं धरायचं? अमेरिकेतलं मनोरं पाडलं तिथनं धरलासा तर गोरा खरा. इंग्रजानं वाळूत पट्टी ठेवून देश आखलं तिथनं धरलासा तर अरब खरा. तेलापासनं धरा, जेरुसलेमपासनं धरा, दर खेपेला निकाल बदलतोय.”

“म्हंजे चूक कुणाचीच न्हाय म्हणा की.”

“चुका रग्गड हायत. जो तो आपल्या सोडून मोजतोय, एवढंच.”

धर्माचं काय, असं मी विचारलं. म्हणाले, “धर्म हाय की अक्का. पण निव्वळ देवासाठी भांडणारा मी कमी बघितला. अपमान झाला म्हणून भांडणारं लई. गोरा म्हणतोय, आमच्यावानी ऱ्हावा. ह्यो म्हणतोय, तू कोण सांगणार? शिकवाय आलेला माणूस कुणालाच नको असतोय. आणि तिथलं राजं तरी आपल्या माणसाला कुठं तोंड उघडू देत्यात? मग राग बाहेरच्यावर निघतोय.”

वाद तापला की त्यांचा एक नेम होता. बोलणाऱ्याला थांबवून म्हणायचे, “आता तू तिकडचा हो.” म्हणजे समोरच्याची बाजू आपण मांडायची, आणि तीही लबाडी न करता. सर्जेरावांना एकदा त्यांनी अमेरिकेच्या बाजूनं बोलायला लावलं. दोन वाक्यांत गडी अडला. “मला जमत न्हाय, शिव्याच येत्यात तोंडात,” म्हणाले, आणि सगळी गिरण हसली.

ही रीत त्यांना का सुचली, तेही एकदा बोलून गेले. खानावळीत त्यांच्या हाताखाली एक इराकी आचारी होता, त्याचं घर अमेरिकेच्या बॉम्बनं गेलेलं. वरचा साहेब अमेरिकन, त्याचा भाऊ त्या मनोऱ्यात गेलेला. दोघं रोज एकमेकांना सलाम करायचे आणि त्यापुढं शब्द नाही. “दोघांचंबी खरं हुतं अक्का. म्हणून तर मिटत नव्हतं.”

आता खरी गोष्ट अशी, की एवढं सांगणारा हा माणूस स्वतःच्या थोरल्या भावाशी बोलत नव्हता. दाजी कुवेतला असताना नेसरीत त्यांची आई गेली. थोरल्यानं, तात्यांनी, सगळं उरकल्यावर फोन केला. दाजी म्हणायचे, मला आईचं तोंड बघू दिलं नाही. तात्या म्हणायचे, ती आजारी पडून नाव घेत होती तेव्हा हा आला नाही, मग थांबायचं कुणासाठी. दाजींचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात होता, मालक सोडत नव्हता. तात्यांच्या लेखी तो बहाणा.

एकदा मी म्हटलं, “दाजी, तुमचं कवापासनं धरायचं?”

त्यांनी चहा खाली ठेवला. दळण झालं, डबा उचलला आणि चहा तसाच टाकून गेले. मला वाटलं, आता हे दुसऱ्या गिरणीत जाणार.

पण गेले ते नेसरीला. परत आल्यावर सांगितलं, तात्यापुढं बसलो आणि त्याचीच बाजू मांडली. आईची उशी बदलणं, रात्रीचं जागणं, तिनं माझं नाव घेतल्यावर त्यानं खोटं सांगणं की यायला निघालाय.

“मग तात्या काय म्हणाले?”

“जेवून जा म्हणाला.”

“आणि तुमची बाजू?”

“ती त्यानं मांडायची. न्हाय मांडली.” एवढं बोलून हसले. त्या हसण्यात काही फार आनंद नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात दाजी गेले. झोपेतच गेले. तात्या आले, सगळे दिवस राहिले. तेरावं झाल्यावर भावजयीचं दळण घेऊन माझ्याकडं आले आणि नकळत दाजींच्याच जागी टेकले. सर्जेराव होतेच. त्यांना कुठं काय विचारावं हे कधी कळलंय? म्हणाले, “तात्या, तुमचं दोघांचं भांडण नेमकं कशावरनं हुतं?”

तात्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग म्हणाले, “त्याच्या बाजूनं सांगतो. आईचं कळलं तवा त्याचा पासपोर्ट मालकाच्या कपाटात हुता. परक्यांचं जेवण रांधत हुता आणि रडाय जागा नव्हती...”

आवाजात ऐकू येईना म्हणून मी गिरण बंद केली. दळण अर्ध्यावर होतं.

तात्या मध्येच थांबले. “न्हाय,” म्हणाले, “हितनं न्हाय. नेसरीच्या स्टँडवर मीच त्याला यष्टीत बसवला, कुवेतला जा म्हणून. तिथनं धराय पायजे.” आणि त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली.