भाऊजीचं इंजन

“हाणल्याबिगर काहीच चालत नाही,” असं उठताबसता म्हणणारा माणूस उलटलेल्या ट्रॅक्टरखाली उताणा पडला होता आणि त्याची बायको त्याचं डोकं दोन्ही हातांनी चिखलाच्या वर धरून बसली होती. स्टिअरिंगचं चाक त्याच्या छातीवर होतं. खालचा चिखल मऊ, म्हणून छाती फुटली नव्हती. पण तोच चिखल त्याला हळूहळू आत घेत होता. धानाच्या बांधीतलं पाणी त्याच्या कानापर्यंत आलं होतं. रेडिएटरचं उकळतं पाणी बाजूला सांडत होतं, त्याची वाफ येत होती, आणि वाफेतून तो बायकोला शिव्या देत होता.

मी शेजारच्या आमच्या बांधीत रोवणी करत होते. हातातली रोपं टाकली आणि मधला धुरा, म्हणजे बांध, ओलांडून पळाले. माझा नवरा बैल आणायला गावाकडे पळाला. मी तिथे उभी राहिले आणि बाईचे हात पाहू लागले. खरं सांगते, ती सोडते की धरते हेच पाहत होते. हा माणूस तुम्ही पाहिला असता तर तुम्हीही तेच पाहिलं असतं.

केशोरीच्या बाजूला आमचं गाव. त्याचं घर आमच्या घराला लागून, शेत आमच्या शेताला लागून. त्याच्या बायकोला मी बाई, म्हणजे मोठी बहीण, म्हणायची, म्हणून तो भाऊजी. ते तोंडावर. मनात दुसरं काही म्हणायची. उंच, काळा, हात लांब. हातात नेहमी बैल हाकायची काठी. त्या काठीने तो बैलांना मारी, गड्यांना मारी, आणि घरात गेला की काठी दाराशी ठेवून हाताने मारी. भिंत एकच होती. आम्हाला सगळं ऐकू यायचं.

मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, गेली तेव्हा लांबच्या एका मालगुजाराने आपला जुना ट्रॅक्टर विकायला काढला. भाऊजीने बैलजोड्या विकून तो आणला. पेट्रोलवर सुरू करायचा आणि गरम झाला की घासलेटवर चालवायचा. पुढे हँडल मारायचं. गावात त्याला सगळे इंजन म्हणत. भाऊजीच्या सात पिढ्यांत कुणी मशीन ठेवलेलं नव्हतं, बैल ठेवलेले होते. म्हणून त्याने ते बैलासारखंच ठेवलं.

काम झालं की इंजन गावतळ्यात, बोडीच्या पाण्यात घालायचा आणि धानाच्या तणसाने घासून आंघोळ घालायचा. सकाळी ते सुरू होत नसे. मग हँडल मार, शिव्या दे, लाथा घाल. गोंदियाच्या एका राइसमिलचा मिस्त्री बोलावला. त्याने झाकणं काढली, आतलं पाणी पाहिलं आणि हसत सुटला. म्हणाला, “ये भैंस नहीं है, पटेल. नहलाओ मत. तेल बदलो.” भाऊजीने त्याला जेवू घातलं, दूध पाजलं, आणि तो गेल्यावर म्हणाला, त्या मिस्त्र्याच्या अंगाचा वास पाहा, तो का सांगते धुवाचं.

अमावस्येला बैल जुंपत नाहीत, म्हणून इंजनही जुंपायचं नाही. पोळ्याला त्याने त्याच्यावर झूल टाकली, बेगड लावली आणि तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेलं. तिथे ते बंद पडलं. लोक हसले. पुढच्या बैलवाल्याने विचारलं, “काऊन भाऊ, याले पोळी चारली नाही का?” भाऊजीने त्याचा दात पाडला.

एकदा हँडल उलटं फिरलं आणि त्याचं मनगट मोडलं. तेच हँडल दुसऱ्या हातात घेऊन त्याने इंजनाचं तोंड ठोकलं, तर रेडिएटरला भोक पडलं. विळ्याची मूठ आम्ही लाखेने बसवतो. त्याने भोकात लाख भरली. थंड होतं तोवर बरं चाललं. पाणी तापलं तशी लाख वितळली आणि उकळत्या पाण्याची चिळकांडी बाईच्या हातावर बसली. कोपरापर्यंत कातडी गेली. तो म्हणाला, तिथं कायले उभी होती. मग स्वतःच एरंडीची पानं आणून बांधली, आणि हात बरा होईपर्यंत पाणी त्याने भरलं. विहिरीवर बायका हसल्या, तर हसू दिलं. एकीलाही बोलला नाही.

असा होता. एका साली माझा नवरा तापाने पडला आणि आमचं धान खळ्यावर भिजायला आलं. भाऊजी न विचारता इंजन घेऊन आला आणि आमच्या पेंढ्यांवर चाकं फिरवून सगळं चुरून, मळून दिलं. मी चहा नेला. म्हणाला, “चहा नोको. माह्या नावानं मनात शिव्या देतेस, तेवढ्या बंद कर.” त्याला कसं कळलं होतं कोण जाणे. मी हो म्हटलं. बंद मात्र केल्या नाहीत.

आता त्या दिवसाचं. खोलगट बांधीत चिखल करताना इंजनाची मागची चाकं आसापर्यंत रुतली. माझ्या नवऱ्याने आमची जोडी देऊ केली. भाऊजी म्हणाला, माह्या इंजनाले बैलानं ओढाचं? त्याला बैलबंडीची युक्ती माहीत होती. बंडी रुतली की चाकाला लाकूड लावायचं आणि बैलांना हाणायचं, बंडी लाकडावर चढते. त्याने येनाच्या झाडाचा जाड ओंडका मागच्या दोन्ही चाकांना पुढून साखळीने बांधला. पण बंडीचं चाक बैल ओढतात. इंजनाचं चाक आतून फिरतं, आणि ते अडलं की जोर दुसरीकडे जातो. पहिल्या झटक्याला चाकं जागची हलली नाहीत, तोंड तेवढं वर उचललं. त्याने ते पाहिलं. उपाय म्हणून बाईला हाक मारली.

“चढ पुढं. दाबून धर.”

ती पुढच्या दांडीवर चढली, रेडिएटरला धरून, त्याच्याकडे तोंड करून. खाली तिच्या पायाशी हँडल होतं. त्याने पूर्ण जोर दिला. तोंड उठलं आणि उठतच गेलं. ती घसरली, हँडलवर आदळली आणि चिखलात पडली. इंजन मागच्या चाकांवर उभं राहिलं आणि त्याच्यावर उलटलं. ती लगेच उठली आणि धावली. आम्हाला वाटलं, ही बचावली.

पाणी त्याच्या ओठांना लागलं तशा शिव्या थांबल्या. मी फावडं घेतलं आणि धुरा फोडला. सगळं पाणी आमच्या बांधीत गेलं आणि माझी सकाळपासूनची रोवणी घेऊन गेलं. त्याचं तोंड मोकळं झालं. पण मान चिखलात जातच होती.

“सोडू नोको,” तो म्हणाला. असा आवाज मी त्याचा कधी ऐकला नव्हता.

“धरून राहिली ना,” बाई म्हणाली. “चूप राहा.”

तो चूप राहिला. तिचे ओठ पांढरे पडले होते. मी म्हटलं, बाई, मी धरते, तू सरक. तिने नाही म्हणून मान हलवली.

बैल आले. साखळ्या लावल्या. बैल चिखलात गुडघे टेकत होते, माणसं त्यांना हाणत होती, कातडीवर काठी बसल्याचा आवाज येत होता. इंजन आधी खाली दबलं, भाऊजीच्या फासळ्या मोडल्याचं आम्ही ऐकलं, मग एका अंगाला कलंडलं. माणसांनी त्याला काखेत हात घालून ओढून काढलं आणि खाटेवर घातलं. सगळे खाटेभोवती जमा झाले.

बाई चिखलातच बसून होती. हात तसेच पुढे, ओंजळीसारखे. मी तिला उठवायला गेले, तर ती आडवी झाली. लुगडं सोडलं तेव्हा दिसलं. हँडल लागलं होतं तिथे पोट काळंनिळं पडून ताठ फुगलं होतं. ते तसं आतून रक्ताने भरत असतानाच ती त्याचं डोकं धरून बसली होती.

दोन खाटा केशोरीच्या दवाखान्याकडे निघाल्या. पुढे भाऊजीची, मागे बाईची. तिच्या खाटेचा एक खूर माझ्या खांद्यावर होता. नाल्याच्या उतारावर तिने पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत ती गेली.

भाऊजी वाचला.